दुसऱ्या श्रेणीचा थेंब

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी ग्रॅहम पॉबजॉय यांनी लोअर ग्रिम्बल या गावी एक घर पाहिलं आणि ते त्यांना आवडलं. त्यांचा गुन्हा एवढाच. पुढे जे झालं ते सगळं कायद्याला धरून झालं, हे सुरुवातीलाच नोंदवून ठेवलेलं बरं. उगाच मागाहून कुणाच्या नावाने बोटं मोडायला नकोत.

घराचं नाव थिसल कॉटेज. दगडी भिंती, दगडी कौलं, पुढे वाफे, आणि पूर्वेला एक रुंद खिडकी. खिडकीत बसायला लाकडी ओटा. बाहेर चर्चचा मनोरा, कुरण आणि कामधंदा नसलेल्या सत्तरएक मेंढ्या. ग्रॅहमची बायको लॉरेन त्या ओट्यावर जाऊन बसली ती उठेचना. त्यालाही कारण होतं. क्रॉयडनमधल्या एका विमा कचेरीच्या तळघरात तिने चौतीस वर्षं फायली लावल्या होत्या. तिथे हवा बघायची तर कॅलेंडरवरचं चित्र बघायचं. लग्नाच्या वर्षी ग्रॅहम तिला बोलून गेला होता, "रिटायर झालो ना, की तुला एक खिडकी घेऊन देईन. बाहेर मेंढ्या असलेली." ग्रॅहम ते कधीच विसरला होता. लॉरेन विसरली नव्हती.

"हीच," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

तेवढ्यात तिच्या मानेवर टप्पकन एक थेंब पडला.

"घर गळतं का हो?" ग्रॅहमने विचारलं.

"छे छे," घरमालकीण मिसेस बॅजली म्हणाल्या. वय वर्षं शहाऐंशी, पायात रबरी बूट, घरातसुद्धा. "पाऊस असला तरच. तू बादलीच्या जागेवर बसलीस गं पोरी, जरा सरक. बादली कुठे गेली?"

बादली दलाल मिस्टर क्रॅन्स्टन यांनी पडद्यामागे लपवली होती. त्यांनी ती हसतमुखाने काढून जागेवर ठेवली. जस्ताची, जुनी. दर चार सेकंदांनी तिच्यात एक थेंब पडू लागला. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला एक करडी मांजर बसली होती. तिने एक डोळा उघडून पाहिलं आणि मिटला.

"एक कौल बदललं की झालं," ग्रॅहम म्हणाला. मिसेस बॅजली त्याच्याकडे फार मायेने बघत राहिल्या.

क्रॉयडनचा फ्लॅट विकला गेला. तीस जूनला तो रिकामा करून द्यायचा ठरलं. तोवर थिसल कॉटेज हाती आलं नाही, तर लॉरेनची बहीण मॅक्सीन हिच्या घरी, मागच्या कोंदट खोलीत, तिच्या व्यायामाच्या सायकलीशेजारी राहायचं होतं. त्या खोलीलाही खिडकी नव्हती. मॅक्सीन म्हणाली होती, "या की, किती दिवस राहायचं तेवढं राहा," आणि फोन ठेवताच दोघांनी तीस जूनपर्यंतचे दिवस मोजले होते.

घर विकत घ्यायचं म्हणजे आधी तपासनीस आला. त्याने ब्याण्णव पानांचा अहवाल दिला. त्यातल्या एक्याण्णव पानांवर त्याला काय काय बघता आलं नाही याची यादी होती. उरलेल्या पानावर एकच ओळ होती, 'छत गळते.' ती वाचून बँकेने कळवलं की गळक्या घरावर कर्ज देता येत नाही, आधी गळती बंद करावी. मागणी रास्त होती. मिसेस बॅजलींनी छप्परवाल्या अमोसला निरोप धाडला, आणि कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या वारसा खात्याकडे परवानगीचा अर्ज केला, कारण जुनी वास्तू म्हणून घर सरकारी यादीत संरक्षित होतं. दुसरी श्रेणी.

वारसा अधिकारी मिस आयल्वर्ड स्वतः आल्या. सडपातळ, नीटनेटक्या, काखेत फाइल. खिडकीपाशी उभ्या राहून त्यांनी घर यादीत घेतलं त्या दिवशीची नोंद वाचायला सुरुवात केली.

"सन एकोणीसशे सत्तावन्न, मंगळवार. पूर्वेची खोली. खिडकी, रुंद, एक. ओटा, ओक लाकडाचा, एक. बादली, जस्ताची, एक. थेंब, दर चार सेकंदांनी, एक. मांजर, करडी, एक." फाइल मिटून त्या म्हणाल्या, "त्या दिवशी पाऊस होता. आमचे अधिकारी फार कसोशीने काम करायचे."

"म्हणजे थेंबसुद्धा संरक्षित?" ग्रॅहमने विचारलं.

"नोंदीतलं काहीही काढता येत नाही."

"आणि मांजर?"

"ही सातवी," मिसेस बॅजली म्हणाल्या. "मधे एक पांढरी आणली होती, तर लगेच नोटीस आली."

"अहो बाई, पण ही गळती आहे गळती!"

"गळती हा शब्द खात्यात वापरत नाहीत," मिस आयल्वर्ड शांतपणे म्हणाल्या. "आम्ही त्याला मूळ स्थितीतला थेंब म्हणतो. इंग्लंडात आता फार थोडे उरलेत."

झालं. बँक म्हणे, गळती बंद केल्याशिवाय कर्ज नाही. खातं म्हणे, बंद केलीत तर खटला. ग्रॅहम आठवडाभर एकाचं पत्र दुसऱ्याला दाखवत हिंडला. दोघांनीही ते वाचून दुसऱ्याचं बरोबर आहे असं प्रामाणिकपणे कबूल केलं.

मार्ग काढला तो मिस्टर क्रॅन्स्टन यांनी. दलाल माणूस शब्दांवर जगतो. "गळती लिहिता कशाला?" ते म्हणाले. "बँकेच्या अर्जात एक रकाना आहे बघा. तळं, कारंजं, इतर. इतरवर खूण करा आणि लिहा, अंतर्गत जलवैशिष्ट्य."

बँक खूश झाली. जलवैशिष्ट्य असलेलं घर म्हणजे वरच्या दर्जाचं घर. कर्ज मंजूर. ग्रॅहमने त्या रात्री लॉरेनला जेवायला बाहेर नेलं आणि दोघांनी दोन वेळा पुडिंग मागवलं.

दुसऱ्या दिवशी विमा कंपनीचं पत्र आलं. घरात उघडं पाणी असल्याचं कळतं. बुडून मरण्याचा धोका लक्षात घेता पाण्याभोवती चारी बाजूंनी दोन हात अंतरावर दोर बांधावा, सूचनाफलक लावावा आणि बुडणाऱ्याला फेकायचं तरंगतं कडं हाताशी येईल असं टांगावं. भिंतीत खिळा ठोकायला वारसा खात्याची मनाई होती, म्हणून कडं कोट अडकवायच्या घोडीवर टांगलं. फलकावर लिहिलं, 'खोल पाणी. सूर मारू नये.' दोर मोजून बांधला, तेव्हा ओटा पूर्ण दोराच्या आत गेला.

"म्हणजे मी खिडकीत बसायचंच नाही?" लॉरेन म्हणाली.

"असं कसं? पाऊस नसेल तेव्हा खुशाल बसा," मिस्टर क्रॅन्स्टन म्हणाले.

"पाऊस कधी नसतो?"

मिस्टर क्रॅन्स्टन यांचा जन्म ग्रिम्बलमधलाच. त्यांनी बराच वेळ आभाळाकडे पाहिलं आणि विचारून सांगतो म्हणाले.

मे महिन्यात आफ्रिकेहून एक पाकोळी आली. तिने वकील केला नाही, तपासनीस बोलावला नाही, बँकेचा उंबरठा झिजवला नाही. सरळ थिसल कॉटेजच्या कौलाखालच्या फटीत शिरली आणि पिसं, काड्या, थुंकी असं जे हाताशी होतं त्याने तिथे घर केलं. दीड दिवसात. या अख्ख्या गोष्टीत घराचा ताबा विनाअर्ज मिळालेली ती एकटीच.

फट बुजली. थेंब थांबला.

मिसेस बॅजली पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत चपला घालून फिरल्या. त्यांनी फोन करून ग्रॅहमला सांगितलं, ग्रॅहमने लॉरेनला उचलून गोल फिरवलं, त्याची कंबर धरली, पण तरी तो हसत होता. नऊ जूनला विक्रीआधीच्या अखेरच्या तपासणीसाठी मिस आयल्वर्ड आल्या. बाहेर मुसळधार पाऊस. बादलीपाशी त्या घड्याळ हातात धरून पाच मिनिटं उभ्या राहिल्या.

"थेंब कुठाय?"

"पाकोळीने..." ग्रॅहमने सुरुवात केली.

"कुणी बंद केला हे मी विचारलं नाही. कुठाय?"

विनापरवाना दुरुस्तीची नोटीस निघाली. चौदा दिवसांत थेंब पूर्ववत करावा, अन्यथा विक्री रद्द. अमोसला बोलावलं. तो शिडी न उतरवताच गाडीशी उभा राहिला. "चाळीस वर्षं मी लोकांची छपरं गळायची थांबवतोय," तो म्हणाला. "मुद्दाम गळवायला सांगणारे तुम्हीच पहिले. माझा बाप थडग्यातून उठून येईल." शिवाय पाकोळीच्या घरट्याला हात लावणं हाही गुन्हाच होता, तो वेगळ्या खात्याचा. पाकोळीला हात लावला तर एक शिक्षा, नाही लावला तर दुसरी.

लॉरेनने तोवर कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी ती दोराबाहेर उभी राहून म्हणाली, "राहू दे ग्रॅहम. मॅक्सीनकडे जाऊ. मला नको खिडकी. चौतीस वर्षं नव्हती, काही मेले नाही मी." आणि ती रडायला लागली.

ग्रॅहमला ते बघवेना. तो गरीब स्वभावाचा माणूस. पण त्या क्षणी त्याचं डोकं फिरलं. "मग काय करू मी?" तो मिस आयल्वर्डवर ओरडला. "पाऊस आला की माळ्यावर चढून हाताने थेंब टाकत बसू का?"

मिस आयल्वर्ड यांनी फाइल उघडली.

"त्याचा छापील अर्ज आहे," त्या म्हणाल्या.

तीन प्रतींत अर्ज भरला. पदाचं नाव, थेंबपालक, हंगामी, बिनपगारी. पण पद म्हटलं की परीक्षा आली. माळ्यावर पोटावर पडून, झारीच्या तोंडाला चिंधी बांधून, जमिनीतल्या भोकातून दर चार सेकंदांनी एक थेंब, सलग अर्धा तास. पहिल्या खेपेला ग्रॅहम नापास झाला. साडेतीन सेकंद. "घाई करता," मिस आयल्वर्ड खालून म्हणाल्या. "आधुनिक माणसाची हीच खोड." मग रोज संध्याकाळी लॉरेन खाली उभी राहून आकडे मोजायची आणि ग्रॅहम वर थेंब टाकायचा. बावीस जूनला, मुदतीच्या आदल्या दिवशी, तो पास झाला. एकोणतीसला खरेदीखतावर सह्या झाल्या आणि मिसेस बॅजली मांजर, बादली आणि किल्ली देऊन समोरच्या नव्या बंगलीत राहायला गेल्या. बंगली विटांची, खिडक्या दुहेरी काचेच्या, छत खडखडीत कोरडं.

घर झालं. पाऊस आला की ग्रॅहम माळ्यावर. लोअर ग्रिम्बलमध्ये जुलै तसा कोरडा असतो. त्या वर्षी सव्वीस दिवस पाऊस पडला.

मधल्या काळात मिस आयल्वर्ड यांनी खात्याच्या मासिकात थेंबावर लेख लिहिला आणि रविवारी लोक बघायला येऊ लागले. लंडनहून, बर्मिंगहॅमहून, मुलाबाळांसकट. दोराला टेकून डोळे मिटून ऐकायचे. टप्प. "अहाहा!" एक गृहस्थ म्हणाले. "आमच्या फ्लॅटमध्ये कसला आलाय असा आवाज!" एका बाईंनी लॉरेनचा हात हातात घेतला. "तुम्ही इथेच राहता? किती भाग्यवान! आम्हाला बाई जायला हवं, आमचं ते नवं बांधकाम, नुसती ऊब." वरून ग्रॅहमला शिंक आली. त्या दिवशी एक थेंब उशिरा पडला, तर तक्रारवहीत तशी नोंद झाली.

ऑगस्टमध्ये पाकोळी पिलांसह उडून गेली. पण पाकोळी दरवर्षी त्याच घरट्यात परतते, म्हणून घरटं तिथेच ठेवायचं होतं, म्हणजे फट बुजलेलीच राहणार होती. ग्रॅहमने वारसा खात्याकडे अत्यंत नम्र अर्ज केला. निसर्गानेच गळती बंद केली आहे, तर ती बंदच राहू द्यावी आणि अर्जदारास खाली उतरू द्यावं. वय सहासष्ट, कंबर दुखते, पत्नीस खिडकीत बसण्याची इच्छा आहे.

आठ दिवसांत गावाने विरोधाचा अर्ज तयार केला. पाद्रीबाबांनी सही केली, पबवाल्याने केली, दर रविवारी येणाऱ्या पाहुण्यांनी टपालाने सह्या पाठवल्या. सगळ्यात वर, थरथरत्या पण ठाम अक्षरांत, पहिलं नाव होतं मिसेस बॅजली यांचं.

लॉरेन तडक रस्ता ओलांडून बंगलीत गेली. "मिसेस बॅजली, तुम्ही? पन्नास वर्षं तुम्ही त्या थेंबाखाली काढलीत!"

"काढली ना," मिसेस बॅजली म्हणाल्या. त्या गरम पायमोजे घालून खिडकीशी बसल्या होत्या. "म्हणून तर जीव तुटतो गं. माझ्यामागे कुणीतरी ते जपायला नको का? बस, चहा घे."

लॉरेन बसली. काच स्वच्छ होती. पलीकडे थिसल कॉटेज पावसात उभं होतं, दगडी कौलं चकाकत होती, कुरणात मेंढ्या चरत होत्या.

"इथून किती छान दिसतं हो आमचं घर," ती हळूच म्हणाली. आता ती रोज दुपारी तिथे येऊन बसते.

विरोधाचा अर्ज अजून गावातल्या चहाच्या दुकानात दाराशी टांगलेला आहे. मजकूर अगदी साधा आहे, 'आपल्या पूर्वजांनी जपलेलं आपण गमावता कामा नये.' आता यात न पटण्यासारखं काय आहे? दोनशे अकरा जणांना पटलं, आणि दोनशे अकराही जणांच्या घरांची छपरं शाबूत आहेत. दोनशे बारावी ओळ मोकळी आहे. पेन दोरीला बांधलेलं आहे. बाहेर पाऊस आहे, माळ्यावर ग्रॅहम आहे, आणि तुमच्या घरात तर एक थेंबही पडत नाही. करून टाका सही.