बंद न पडलेला धबधबा

प्लंबरनं धबधबा बंद केला. म्हणजे, असं काहीही घडलेलं नाही. कठड्याशी उभ्या असलेल्या तीनशे माणसांना जे दिसलं, तो उन्हाचा परिणाम होता. तर आता ही न घडलेली गोष्ट पहिल्यापासून ऐका.

लग्नाला नऊ वर्षं झाली, पण प्लंबरला धड सुट्टी कधी घेता आली नव्हती. दवाखान्यात कुणाला भेटायला गेला, तरी पेशंटपेक्षा बेसिनची विचारपूस जास्त. म्हणून या वेळी बायकोनं निघतानाच अट घातली.

"तीन दिवस एकाही नळाला हात लावायचा नाही. लावलात, तर पुढची सुट्टी आईकडे."

आई सोबतच होत्या. त्यांच्या घरात सहा नळ होते आणि सहाही गळत होते. त्यामुळे सासूबाई प्रवासभर जावयाकडे फार आशेनं बघत होत्या.

"तीनच दिवस ना?" प्लंबर म्हणाला. "हसत काढीन."

बायकोनं त्याच्या बॅगेतले दोन्ही पाने काढून घेतले.

दोन दिवस निभावले. हॉटेलचा शॉवर शिंका दिल्यासारखं पाणी सोडायचा. प्लंबरनं त्याच्याकडे पाठ करून आंघोळ उरकली. तिसऱ्या दिवशी धबधबा.

धबधबा खरंच भव्य होता. पाणी असं कोसळत होतं, की आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येऊ नये. पाटीवर लिहिलं होतं, 'दहा हजार वर्षांपासून अखंड'. बायको भान हरपून बघत होती. प्लंबरही बघत होता, पण एवढं पाणी वाया चाललंय हे काही त्याच्या डोक्यातून जाईना.

"जरा जाऊन येतो," म्हणून तो स्वच्छतागृहाकडे गेला. मागच्या भिंतीशी एक जाडजूड पाइप होता. त्यावर चाकाचा व्हॉल्व्ह, आणि व्हॉल्व्हमधून ठिबक. प्लंबरनं इकडेतिकडे पाहिलं. अट नळाची होती, व्हॉल्व्हचा विषयच निघाला नव्हता.

त्यानं चाक थोडं आवळलं. ठिबक थांबेना. आणखी आवळलं. मग शेवटपर्यंत आवळलं. ठिबक थांबली. काय शांत वाटलं. मग जरा जास्तच शांत वाटायला लागलं.

लांब कठड्यावरून सासूबाईंचा आवाज अगदी स्पष्ट आला. "अगं, जावईबापू कुठे गेलेत?"

धबधब्याचे व्यवस्थापक धावत आले. "कुणी हात लावला याला?"

"ठिबकत होता."

"अहो, उन्हाळ्यात यातूनच वर पाणी चढवतो आम्ही."

"म्हणजे धबधबा खोटा?"

"धबधबा शंभर टक्के नैसर्गिक आहे. पाणी तेवढं आमचं."

त्यांनी घाईघाईनं चाक उलटं फिरवलं. ते निखळून त्यांच्या हातात आलं.

"तुमचा माणूस बोलवा," प्लंबर म्हणाला.

"सुट्टीवर गेलाय. समुद्र बघायला."

"आधी फोन करा त्याला. म्हणावं, कशालाही हात लावू नकोस."

आता पान्याशिवाय इलाज नव्हता. आणि पाने बायकोच्या पर्समध्ये होते. खोलीवर ठेवले असते, तर डोकं दुखतंय म्हणून नवरा हमखास खोलीवर परतला असता, हे तिला माहीत होतं. प्लंबर खाली मान घालून कठड्याशी आला.

"अगं, एक पाना देतेस?"

बायकोनं समोरच्या कोरड्या कड्याकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. "किती वेळ लागेल?"

"दहा मिनिटं."

"सावकाश करा हो," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या मोरीतलासुद्धा असाच आहे."

अकराव्या मिनिटाला पाणी धाडकन कोसळलं. तीनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या, त्यात बायकोची टाळी सगळ्यांत मोठी. हसून हसून तिला उभं राहवेना. "पडताना काय, सगळेच बघतात," ती म्हणाली. "चालू होताना आपणच बघितला."

"मग अट माफ?"

"तो आपोआप बंद पडला असेल, तर माफ. तसं लिहून आणा."

व्यवस्थापकांनी मान हलवली. "बंद पडलाच नाही. पाटी वाचा."

तेव्हा प्लंबरनं एक कोरा कागद मागून घेतला आणि तिथेच बाकावर बसून, जीभ चावत, वळणदार अक्षरात लिहिलं:

'विषय: धबधबा स्वतःहून बंद पडल्याचा दाखला मिळणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून नम्र विनंती की, आपला अखंड धबधबा आज दुपारी अकरा मिनिटे, कोणाचाही हात न लागता, वैयक्तिक कारणास्तव बंद होता, असा सही-शिक्क्याचा दाखला अर्जदाराच्या सासूबाईंच्या नावे, पुढील सुट्टीपूर्वी देण्याची कृपा करावी.'