तरत्या राज्यात ‘अहो’ हरवले त्याची बखर

श्रीगजवदन प्रसन्न. सागरनारायण शांत असो, खाल्लेले अन्न पोटी राहो, आणि ज्याचे माणूस त्यास सापडो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, पौषमासी शुद्धपक्षी दर्यावर जे वर्तमान घडले ते काही डोळां पाहिले, काही ज्या जोडप्यावर गुदरले त्या उभयतांचे मुखे ऐकिले, तैसे लिहितो. संवत्सराचे नाव क्रोधी. परंतु नावावर काय जाते? पुढे सारा घोळ नावाचाच व्हावयाचा होता.

एक राज्य होते. त्यास जमीन नाही, वेस नाही, शेतसारा नाही. पांढरे शुभ्र, मजल्यावर मजले चढविलेले, पाण्यावर तरंगते, आज या बंदरी तर उद्या त्या बंदरी. धनी कप्तानसाहेब. ते शुभ्र पोशाख करोन दिवसातून एकवार प्रजेस दर्शन देत आणि हात हलवोन अंतर्धान पावत. प्रजा म्हणावी तर बहुत करोन जोडपी. कोणी नवे लग्नाचे, कोणी लग्नाची पंचविशी उलटलेले, कोणी नातवंडे घरी ठेवोन पळून आलेले. या जोडप्यांचे दिवस कैसे जात ते सांगतो. प्रातःकाळी सूर्योदयाआधी काही शूर जोडपी गच्चीवर चाल करोन जात आणि तलावाकाठच्या आरामखुर्च्यांवर रुमाल, चप्पल, चष्म्याचे घर ऐसे टाकोन मुलूख काबीज करीत, जैसे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकोन जागा धरितात. आणि मुलूख काबीज जाहला म्हणजे खोलीत जाऊन निजत. नवी जोडपी कठड्याशी उभी राहोन तसबिरी काढीत. समुद्र पाठीमागे ठेवोन एकमेकांस पाहात, आणि मग एकमेकांस पाठीमागे ठेवोन तसबीर पाहात. काही जोडपी मुदपाकखान्यातच वस्ती करोन राहिली होती. न्याहारी उठत नाही तों दुपारची पंगत, ती उठत नाही तों चहा आणि पेस्ट्री. ‘पैसे आधीच भरलेत ना’ हा त्यांचा रणघोष. एक जोडपे नाच शिके आणि एकमेकांचे पाय तुडवी. एक जोडपे दिवसभर रमी खेळे आणि सायंकाळी भांडे. आणि एक जोडपे ऐसे होते की घरून मेतकूट, लोणचे आणि कुकर आणिला होता, पैकी कुकर पहारेकऱ्यांनी बंदरावरच जप्त केला. ते जोडपे कोणते हे लिहिण्याचे कारण नाही. बखरकाराचे कुटुंब ही बखर वाचणार आहे.

या प्रजेत कराडचे रंगनाथराव कासार आणि त्यांचे कुटुंब इंदुमतीबाई ऐसे उभयतां होते. रंगनाथरावांचे बांगड्यांचे दुकान. जन्मभर बायकांचे हात हाती घेऊन बांगड्या भरिल्या, परंतु एकीसही ओरखडा उठो दिला नाही ऐसी ख्याती. दुकानी दिवसभर ‘अहो मामा, त्या हिरव्या दाखवा’, ‘अहो, ही मोठी होते की’ ऐसा हाकांचा पाऊस; परंतु माजघरातून इंदुमतीबाईंची ‘अहो’ आली की हातातली डझन तेथेच ठेवोन उठत. गिऱ्हाईक पुसे, “मामा, आम्हीही अहोच म्हणतोय की!” तर हासोन म्हणत, “तुमची बांगडीची, ही भाकरीची. फरक कळतो.” आणि इंदुमतीबाई तर अस्सल जुन्या रीतीच्या. लग्नात एकवार उखाण्यात नाव घेतले, त्यानंतर बारशा-डोहाळजेवणात घेतले असेल तितकेच. नुसते नाव उखाण्यावाचून जिभेवर आणिले नाही. ‘रंग’ हा शब्दही त्या टाळीत आणि होळीस ‘पाणी खेळायला गेली पोरं’ म्हणत.

मागले वर्षी रंगनाथरावांचे हृदयाची मोठी शस्त्रक्रिया जाहली. दोन दिवस शुद्ध नव्हती. इंदुमतीबाई पलंगापाशी उभ्या राहोन हळूच म्हणत, “अहो,” आणि उत्तर नाही, पुन्हा म्हणत, “अहो,” आणि उत्तर नाही, मग तिसरे दिवशी सकाळी हाक मारली तों डोळे न उघडता म्हणाले, “आहे, आहे.” तेथेच बाई मटकन खाली बसल्या आणि रडल्या. डाक्टर म्हणाले, जपा, दमवू नका, एकटे सोडू नका. उभयतां म्हणाली, हे पुढले दिवस देवाने पदरचे दिले आहेत, आता ते मिळोन घालवावे. मग लेकीने या तरत्या राज्याची तिकिटे काढोन दिली आणि स्वारी दर्यावर दाखल जाहली.

परंतु माणसाची जात! दिलेले दिवस कैसे घालवावे यावरोनच दुसरे दिवशी वाद उभा राहिला. इंदुमतीबाईंस सर्व पाहावयाचे होते: जादूचे खेळ, गाणी, बर्फाचा कोरलेला हंस, कलिंगडाची कमळे. रंगनाथरावांस काहीच पाहावयाचे नव्हते. खुर्ची, समुद्र आणि चहा एवढे मिळाले की इंद्रपद. बाई म्हणाल्या, “खुर्ची तर कराडातही होती की! तिथं काय काटे होते?” राव म्हणाले, “आणि कलिंगड काय कराडात मिळत नाही? खाण्याचं सोडून बघत बसायचं!” बाई म्हणाल्या, “तुमच्यापायी मी काही बघायचंच नाही का?” राव म्हणाले, “माझ्यापायी कशाला? तू तुझं बघ, मी माझं बघतो.” मग तह ठरला. गच्ची आणि खुर्च्या रावांकडे. नाटकशाळा, दुकाने आणि बर्फाचा हंस बाईंकडे. जेवणास मुदपाकखान्यात भेट. तहावर सह्या जाहल्या नाहीत, परंतु दोघांनी तोंडे फिरविली तीच मुद्रा समजावी.

आता पाहा. बाई नाटकशाळेत जाऊन बसल्या. जादूगाराने टोपीतून कबुतर काढिले, आणि बाई वळोन म्हणाल्या, “बघितलंत का?” तों शेजारी एक गुजराथी गृहस्थ घोरत होते. मग कबुतरात काही राम राहिला नाही. इकडे राव खुर्चीवर बसले, समुद्र समोर, चहा हाती, आणि म्हणाले, “चहा बरा केलाय हं,” आणि शेजारी कोणाचा तरी रुमाल. चहा पाणचट लागो लागला. राव मनी म्हणाले, हे काय, देवाने दिवस दिले ते आपण रुमालाशेजारी घालवावे? आणि उठोन बाईंस शोधावयास निघाले. नेमक्या त्याच सुमारास बाईंसही नाटकशाळेत धीर निघेना. ह्यांची दुपारची गोळी घेतली की नाही, चक्कर तर आली नसेल, ऐसे मनी आणोन त्या गच्चीवर आल्या आणि पाहतात तों खुर्ची रिकामी, चहाचा पेला अर्धा. बाईंचे काळीज पाण्याहून पाणी जाहले. अर्धा चहा टाकोन उठणारे ते गृहस्थ नव्हते.

त्या राज्यास सभोवार फिरावयास एक रुंद सज्जा आहे. बाई सज्ज्यावर आल्या आणि चालो लागल्या. रावही नाटकशाळेत बाई न सापडल्याने त्याच सज्ज्यावर चालत होते. आता दोघे समोरासमोर यावयाचे ते कोठेतरी आलेच असते. परंतु दोघेही देवभोळी, जन्मभर देवळात उजवी घालोन प्रदक्षिणा केलेली. जहाज उजवे हाती ठेवोन चालावे, उलटे फिरू नये, हे पायांतच भिनलेले. राव शस्त्रक्रियेने सावकाश, बाई गुडघ्याने सावकाश. एक पुढल्या टोकास नाळेपाशी तर दुसरा मागल्या टोकास सुकाणूपाशी. दुसरा नाळेपाशी तर पहिला सुकाणूपाशी. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो येथे अक्षरशः घडला. जहाजास किती प्रदक्षिणा पडल्या ते सागरनारायण जाणे. एक जरी उलटा फिरता तरी ही बखर लिहावी लागती ना. शेवटी राव दमले आणि मागल्या बाजूस एका बाकावर टेकले. आणि बाई नेमक्या त्याच वेळी सज्जा सोडोन जिना उतरोन खालच्या कचेरीकडे धावल्या.

कचेरीत दूरदेशीची एक मुलगी बसे, नाव मारिसेल, मुखी सदा हास्य. बाई म्हणाल्या, “बाळ, माझे हे हरवलेत गं!” मारिसेलीने मोडक्या हिंदीत पुसिले, खोलीचे कार्ड? तर दोन्ही कार्डे रावांचे खिशात, की बाईंच्या लुगड्यास खिसा नाही. खोलीचा आकडा? तो बाईंस कधीच पाठ नव्हता. रावांच्या मागे चालले की खोली येत असे. फोन? दर्यात रेंज नाही. मग मारिसेलीने पुसिले, त्यांचे नाव काय? आणि येथे गाडे अडले. नाव ओठांपर्यंत येई आणि परत फिरे. उखाण्यावाचून नाव सुटेना, आणि ऐसे समयी उखाणा आठवेना. मुलगी पुन्हा म्हणाली, तुम्ही त्यांना काय म्हणता? बाई रडत म्हणाल्या, “मी? मी अहो म्हणते.” मुलीस हायसे वाटले. तिने तत्काळ कर्ण्याची कळ दाबिली आणि साऱ्या राज्यात, गच्चीवर, तलावात, मुदपाकखान्यात, नाटकशाळेत तिच्या परदेशी गळ्यातून द्वाही फिरली: मिस्टर अहो, मिस्टर अहो, आपली पत्नी कचेरीत वाट पाहात आहे, त्वरित यावे.

मग काय वर्णावे! राज्यातील जितके मऱ्हाटी नवरे तितके दचकले. कोणी तलावातून ओलेत्याने निघाला, कोणी रमीचा डाव टाकोन उठला, कोणी अर्धा गाल फेसाने माखलेला, कोणी पेस्ट्री हाती. जो तो म्हणे, मेलो, आता काय केलं मी! आणि जिन्याने, विजेच्या पाळण्याने, वाट फुटेल तैसे पळोन सर्व कचेरीपुढे जमा जाहले. प्रस्तुत बखरकारही त्यांत होता. त्याचे कुटुंब त्याचे शेजारीच बसोन भजी खात होते, तरी तो धावला. बोलावणे म्हणजे बोलावणे. मारिसेलीने ती गर्दी पाहोन डोळे विस्फारिले आणि पुसिले, हे सगळे मिस्टर अहो? एकाच घरातले? वरचा एक अधिकारी आला, तो म्हणाला, मोठे खानदान दिसते. इंदुमतीबाईंनी एकेक तोंड पाहिले, आणि हळूच म्हणाल्या, “ह्यांत माझे नाहीत.”

तिकडे बाकावर राव काय करीत होते? त्यांनीही द्वाही ऐकिली. ते मनी म्हणाले, शब्द आपला, परंतु गळा परका. कोणा दुसऱ्याचा अहो हरवला बिचारा, त्यास त्याची बायको लवकर भेटो. ऐसे म्हणोन हातही जोडिले. धन्य ते राव, स्वतःसाठीच नवस बोलले.

इकडे गर्दीतून बखरकाराचे कुटुंब पुढे आले, भज्यांची बशी त्याच्या हाती दिली, आणि मारिसेलीस म्हणाले, “अगं, तू नको ओरडूस. त्यांना ओरडू दे.” मग कर्ण्याची नळी इंदुमतीबाईंच्या हाती दिली. बाई जन्मात ऐशा नळीत बोलल्या नव्हत्या. डोळे पुशिले, पदर सावरिला आणि एकच शब्द बोलल्या:

“अहो.”

तोच शब्द, एक अक्षर अधिक नाही. परंतु चमत्कार पाहा: मघाशी धावत आलेले सारे अहो समोर उभे होते, त्यांतला एकही जागचा हलला नाही. प्रत्येकास ठाऊक, ही आपली नव्हे. आणि मागल्या बाजूस बाकावरोन एक मनुष्य उठला.

राव जिना उतरोन आले तेव्हा धाप लागली होती. गर्दीने वाट दिली. राव म्हणाले, “एवढ्या मोठ्यानं कशाला? आहे, आहे.” बाई म्हणाल्या, “गोळी घेतलीत का?” राव म्हणाले, “घेतली.” बाई म्हणाल्या, “चहा अर्धा टाकलात.” राव म्हणाले, “तू नव्हतीस शेजारी.” इतकेच भाषण. मग बाईंनी त्यांचा हात धरिला तो चारचौघांत धरिला, कराडात कधी धरिला नव्हता तो, आणि रावांनी सोडविला नाही. गर्दीतील बायका आपापले अहो निवडोन घेऊन गेल्या, आणि त्या सायंकाळी राज्यात एकही भांडण जाहल्याचे ऐकिवात नाही. रमीवाले जोडपेदेखील गप्प होते.

तह तत्काळ मोडला. पुढले दिवस उभयतां बरोबर राहिली. रावांनी बर्फाचा हंस पाहिला आणि म्हणाले, “वितळतोय.” बाई खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, “पाठ धरली.” कुरकुर दोघांची चालूच, परंतु शेजारी शेजारी. उतरावयाचे दिवशी मारिसेलीने इंदुमतीबाईंस पुसिले, अहो म्हणजे काय? भोवतीच्या विद्वानांनी बहुत यत्न केला. एक म्हणाला आदरार्थी, एक म्हणाला संबोधन, कोणाचा अर्थ तिला पटेना. इंदुमतीबाई म्हणाल्या, “अगं, अहो म्हणजे ‘आहात ना?’ एवढंच विचारायचं असतं. आणि पलीकडून ‘आहे’ आलं, की झालं. आणखी काय पाहिजे?” मारिसेलीने मान डोलाविली, आणि तिचेही डोळे भरले, की तिचे माणूस बहुत लांब होते.

येणेप्रमाणे तरत्या राज्याचे वर्तमान. तात्पर्य थोडके. दर्याने सुखरूप नेले आणि सुखरूप आणिले, त्याचे उपकार. मुदपाकखान्याने पोटभर घातले, त्याचे उपकार. वैद्यांनी एक हृदय शिवोन परत दिले, त्यांचे उपकार. आणि हाक मारावयास कोणी आहे, याचे उपकार तर फेडणे होत नाही. आणखी दोन ओळी लिहावयाच्या होत्या, परंतु स्वयंपाकघरातून आत्ताच हाक आली. गळा ओळखीचा आहे. कुकर निवाला असावा. आहे, आहे.