पाच वर्षं झोपलेला मतदार

हेमचंद्र परब फेसबुकवर कोणाचं ऐकून घेत नसत. लालबागच्या चाळीत राहणारा, सहकारी बँकेत नोकरी करणारा हा गृहस्थ एरवी कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण फोनवर ‘परखड परळकर’ हे टोपणनाव घेतलं की त्यांना कंठ फुटायचा. निवडणूक तोंडावर आली तसा ‘सडेतोड’ नावाचा कुणी इसम त्यांना रोज नडायला लागला. परबांनी मुद्दा मांडला की तो मीम टाकायचा, आणि लोक हसत हसत त्याच्या बाजूला जायचे.

तेव्हा आपणही मीम करायचं, असं परबांनी ठरवलं. चाळीच्या सत्यनारायणाला कथा चालू असताना शेजारचे कुशाबा सावंत जोडलेल्या हातांनी, तोंड उघडं टाकून झोपले होते. परबांनी गंमत म्हणून फोटो काढला होता. त्यावर ‘पाच वर्षं झोपलेला मतदार’ असं लिहून त्यांनी तो ठोकून दिला.

तासाभरात तोच फोटो फिरून आला. आता खाली होतं, ‘तुमचा जागृत नेता’. मग दोन्ही बाजू कुशाबांना एकमेकांच्या पक्षात ढकलू लागल्या. कुणी त्यांची जात शोधली, कुणी म्हातारा भाड्याने आणलाय म्हणाला. परबांनी घाबरून आपला फोटो काढून टाकला, पण तोवर तो नाक्यावरच्या टपरीवर पोचला होता. “काय सावंत, मतदानाला उठवायला येऊ का?” असं तिथे कुणीतरी विचारलं आणि त्या दिवशी कुशाबांनी गॅलरीतली खुर्ची आत घेतली.

कुशाबा का झोपले होते, हे परबांइतकं कोणाला ठाऊक होतं? पूजेच्या आदल्या रात्री हॉस्पिटलात परबांच्या आईच्या उशाशी तेच बसले होते. “तुका सकाळी बँकेत जावचा हा, मी बसतंय,” म्हणाले होते.

शेवटी परबांनी खऱ्या नावाने लिहिलं, “हा माणूस माझ्या आईसाठी रात्रभर जागला होता. थोडी तरी लाज बाळगा.”

“पुरावा?” सडेतोडने विचारलं.

“हॉस्पिटलात येऊन बघ.”

“ते हॉस्पिटल कोणाच्या सरकारने बांधलं, ते आधी सांगा,” तिसराच मध्ये पडला आणि भांडण तिकडे वळलं. एकाने तर परबांना बजावलं, “काका, रडारड कसली करताय? त्या परखड परळकरांकडून शिका जरा. माणूस कसा मुद्द्यावर बोलतो.”

परबांनी फोन बंद केला आणि शेजारचं दार वाजवलं. कुशाबा थर्मासमध्ये पेज भरत होते.

“कुशाबा, तो फोटो...”

“माका ठावक हा. पूजेक माझ्यासमोर तूच बसललंस.”

“मग बोलला का नाहीत मला?”

“तू थंय फोनवर भांडत होतंस. म्हटलंय, मोकळो झालंस की बोलूया.”

चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं परबांना वाटलं. रोज पानं भरून लिहिणाऱ्या माणसाला साधं ‘चुकलं’ म्हणता येईना. कुशाबांनी थर्मास पिशवीत ठेवला आणि चपला पायात सरकवल्या.

“आवशीकडे हॉस्पिटलात आज मी जातंय,” ते म्हणाले. “तू नीज. तुझो फोटो कोण काढूचो नाय.”