गिरधरभाऊची पन्नाशी आणि मोहाचा द्रोण

कुठलाही समारंभ माझ्यावर सोपवा. थाट संस्थानिकाचा आणि खर्च कारकुनाचा! जळगावात रुईच्या पेढीवर दिवाणजी म्हणून माझी उमर गेली. पैसा कुठे गळतो ते मला वासावरून कळतं. म्हणूनच गिरधरभाऊने पन्नाशीचा बेत काढला, तेव्हा सूत्रं माझ्या हाती आली.

पन्नाशी एकट्या गिरधरची नव्हे. गिरधर, पितांबर आणि मी, तिघांचाही जन्म एक जूनचा. यात ग्रहांचा काही हात नाही. आमच्या गावचे गुरुजी शाळेत नाव घालायला आलेल्या प्रत्येक पोराला एक जूनला जन्माला घालत. आया तरी काय सांगणार? एक म्हणे, "लाल गाय व्याली त्या टायमाचा." गुरुजींनी तिघांच्या नावापुढे एकच साल टाकलं, त्या हिशेबाने १९५४ साली आम्ही तिघंही एका दिवशी पन्नास वर्षांचे झालो.

"खर्च करू दे मले," गिरधर म्हणाला. केळीने त्याला चांगला हात दिला होता. "पन भो, कोरडी पन्नाशी नको!"

दारूबंदी लागून चार-पाच वर्षं झालेली. जळगावात खोकल्याचं औषध घेतानाही लोक आजूबाजूला बघत. तेव्हा ठरलं, सातपुड्याच्या पायथ्याला जामसिंगच्या पाड्यावर जायचं. जामसिंग म्हणजे गिरधरच्या केळीवर मजूर आणणारा, पाड्याचा कारभारी. त्या पट्ट्यात मोहाची गाळतात ती पणज्याच्या पणज्यापासून. पहिल्या धारेची अशी की काडी लावली तर निळी पेटते!

बेत मी आखला. यावलपर्यंत मोटार, पुढे बैलांच्या दमण्या. झाडाखाली गाद्या-लोड, ग्रामोफोन, भुसावळहून भुश्यात गुंडाळलेली बर्फाची लादी, आमरस. राजेशाही!

दोन दिवस आधी गिरधर पेढीवर आला. चेहरा वादळात आडव्या झालेल्या केळीच्या बागेसारखा.

"मेलो भो. धुळ्याचे उखर्डूनाना येताहेत. वाढदिवसाले. न बोलावता!"

उखर्डूनाना म्हणजे त्याचे होऊ घातलेले व्याही. मुलगा ओव्हरसियर, आणि गिरधरच्या कुंदाला तो मनापासून पसंत होता. अडलं होतं हुंड्यावर. नानांनी जो आकडा घातला होता, त्यात विहिरीकडची अर्धी केळी जात होती. वर नाना दारूबंदीचे प्रचारक! धुळ्यात चौकाचौकात त्यांची भाषणं. मोहाचा वास जरी आला, तरी सोयरीक मोडणार होती.

"मी आहे ना!" मी म्हणालो. "नानांना गुलाबाचं सरबत. आपला माल झाडामागे. कानोकान खबर लागणार नाही."

मनात मी नानांना नावं ठेवली. मुलगा विकायला काढावा इतका? मग वाटलं, बाजारभाव तरी कळेल. माझा मुलगा चिंधा भुसावळला रेल्वेत चिकटला होता, आणि पितांबर आपल्या मंदासाठी त्याच्याकडे डोळा ठेवून होता. पितांबरकडून किती काढायचं, ते मी ठरवून ठेवलं होतं.

एक जूनला खानदेशात ऊन पडत नाही, कोसळतं. यावल येईतो बर्फाच्या जागी ओला भुसा उरला. नदीच्या कोरड्या पात्रात दुसरी दमणी कलंडली आणि सरबताचं पिंप वाळूत पालथं झालं. वाळूनं ते असं पिऊन टाकलं की नंतर डागही सापडेना! आम्ही पाड्यावर पोहोचलो तेव्हा नानांची जीभ टाळूला चिकटलेली.

"पाणी... सरबत... काहीही!" नाना खाटेवर कोसळले.

जामसिंगची म्हातारी आई मोगराबाई हातात पळसाचा द्रोण घेऊन आली. पाहुण्याला काय द्यायचं, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. मी अडवायला धावेपर्यंत द्रोण रिकामा!

"काय आहे हे?" नानांनी डोळे पुसत विचारलं.

"पहाडी सरबत," मी म्हणालो. "जरा उग्र असतं."

"गुणकारी दिसतं," नाना म्हणाले. "आणखी आहे?"

तिसऱ्या द्रोणाला नानांची व्याख्यानाची मराठी गळून पडली आणि आतली अहिराणी वर आली. गिरधरला मिठी मारून म्हणाले, "तू मना भाऊ शे! बठ्ठा मना भाऊ शेतस! आखो आन!" आणि रिकामा द्रोण पुढे केला.

जामसिंगने मला हळूच विचारलं, "हे कोण?"

"पोराचा बाप. आणि आपला गिरधर पोरीचा. सोयरीक ठरायचीय."

"ठरायचीय? मग ठरवू!"

त्याने हाक दिली. पाड्यातले जाणते येऊन बसले. नानांच्या हातातला द्रोण गिरधरला, गिरधरचा नानांना. दोघांनी गटागट घेतले. ढोल वाजला! पितांबर, जो एरवी तंबाखूची चिमूटही कुणाला देत नाही, तोही गहिवरला. आपला द्रोण माझ्यापुढे करून म्हणाला, "घे भो, आज तू माह्या हातानं घे. तुहा मले दे." आम्हीही एकमेकांचे द्रोण रिकामे केले. दोस्ती म्हणतात ती ही!

मग जामसिंग नानांना म्हणाला, "आता पोराच्या बापानं पोरीसाठी देज बोलायचं. बैलजोडी देणार?"

"देसू!" नाना गरजले. "जोडी देसू! शिंगंस्ले पितळ लाईसन देसू!" आणि आडवे झाले.

उन्हं कलल्यावर नाना उठले. डोकं धरून म्हणाले, "ऊन बाधलं वाटतं."

"नाना, बैल कधी धाडता?" जामसिंगने विचारलं.

"कसले बैल?"

त्याने सगळं समजावून दिलं. त्यांच्यात बापांनी एकमेकांचा द्रोण घेतला की सोयरीक पक्की. आणि देतो तो पोराचा बाप, पोरीचा नव्हे.

"छे! मी काही तेव्हा शुद्धीत..." नाना बोलता बोलता थांबले.

"का नाना?" मी विचारलं. "सरबतानं शुद्ध जाते? धुळ्याच्या लोकांना विचारायला हवं."

नानांचा चेहरा वाळूतल्या पिंपासारखा रिकामा झाला. मी उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि सर्वांना ऐकू जाईल असा खणखणीत उपदेश केला. पंचांसमोर दिलेला शब्द म्हणजे शब्द! बापाने मागे फिरावं का? पाडा माना डोलवत होता. गिरधरच्या डोळ्यांत पाणी. हुंडा गेला, केळी वाचली, कुंदाला हवा तो नवरा मिळाला. आठवड्याच्या आत धुळ्याहून पितळी शिंगांची जोडीही आली.

पण ते नंतर. त्या संध्याकाळी मी लोडाला टेकून कौतुक झेलत होतो, तोच मोगराबाई समोर उभी राहिली.

"आणि तू रे? तू काय देणार?"

"मी? मी कशाचं?"

"द्रोण घेतला ना ह्याचा? तुझा पोर, ह्याची पोर." तिने पितांबरकडे बोट केलं. "हा गेल्या बाजाराला येऊन बठ्ठं विचारून गेला होता. एका द्रोणात चालतं का दोन लागतात, ते पण!"

पितांबर अत्यंत लक्षपूर्वक ग्रामोफोनची किल्ली फिरवत होता. नाना मात्र दिवसभरात पहिल्यांदा ताठ बसले आणि माझ्याच आवाजात म्हणाले, "पंचांसमोर दिलेला शब्द म्हणजे शब्द!"

मंदा सून म्हणून लाख आहे, त्यात वाद नाही. बैलजोडी मी चाळीसगावच्या बाजारातून आणली, भाव पाडून पाडून, घासाघीस करून. त्यातला एक मारका निघाला. आठवड्यातून एकदा तरी पितांबरला बांधावरून उडवतो. त्या सबंध समारंभात माझ्या जमेच्या बाजूला पडलं ते एवढंच!