घाटोळे सर आणि लोकांची नाकं

चौदा मे. गाठीची तीच स्लाइड तिसऱ्यांदा रंगवणं हे त्या दिवशीचं माझं काम होतं, आणि ते घाटोळे सरांनी माझ्या गळ्यात मारलं होतं.

घाटोळे सर म्हणजे भोपाळमधल्या आमच्या लॅबचे पॅथॉलॉजिस्ट. मूळचे नागपूरचे. हा माणूस बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाही, नाकाकडे बघतो. त्वचेचा कॅन्सर बरेचदा तिथेच उगवतो, म्हणून. नेहरू नगरच्या बाजारात भाजीवाल्याने एकदा विचारलंच, "साहब, भिंडी तौलूँ या नाक?" बरखेड्यातल्या एका लग्नात तर नवऱ्या मुलाच्या काकांना त्यांनी पंगतीत गाठलं. "नाकावरचा फोड फार चकाकतोय. कापून पाठवा." काका ताटावरून उठले. पण कापून पाठवला, आणि निघाला कॅन्सरच. काका आता दर दिवाळीला चिवडा पाठवतात. काकू अजून बोलत नाहीत.

या गाठी मुख्यतः दोन प्रकारच्या, बेसल आणि स्क्वेमस. बेसल सहसा जागा सोडत नाही, स्क्वेमस पसरू शकते. दिसायला कधीकधी सारख्याच. मग एक प्रथिन शोधायचं, जे बेसलमध्ये असतं आणि स्क्वेमसमध्ये नसतं. असलं तर स्लाइडवर तपकिरी रंग चढतो. सर त्याला "फोडणी बसली" म्हणतात. सोबत, ज्यात ते प्रथिन नक्की आहे असा जुना तुकडाही रंगवायचा. तो कंट्रोल. तो रंगला नाही तर सगळं फेकून पुन्हा सुरुवात. यात सर देवाचंही ऐकणार नाहीत.

"मानकरबाई, कंट्रोलची फोडणी कच्ची आहे. पुन्हा करा."

"सर, दोनदा झालं."

"मग तिसऱ्यांदा करा नं!"

केलं. या वेळी मीच आधी मायक्रोस्कोपला डोळा लावला. कंट्रोल चांगला खमंग तपकिरी होता. मग आठवलं, आधीच्या दोन्ही वेळा सरांनी स्लाइड बघितलीच नव्हती. तपासायच्या गाठीचा तुकडाही त्यांनी स्वतःच आणून दिला होता, पेशंटचं नाव न लिहिता. आणि त्यांच्या कानामागे पट्टी होती.

"सर, ही गाठ तुमचीच आहे ना?"

ते खिडकीबाहेर बघू लागले.

"अख्ख्या भोपाळची नाकं तपासता, आणि ही दिसली नाही?"

"कानामागे स्वतःला कसं दिसणार, बाई? मंगल होती तोवर रविवारी डोक्याला तेल लावून द्यायची. तिला दिसलं असतं." मंगल म्हणजे सरांची बायको, वारलेली.

मी खुर्ची ओढली. "रिपोर्ट द्यायचा अधिकार मला नाही. बसा आणि बघा."

त्यांनी बघितलं. बराच वेळ.

"बेसल," म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले. मग एकदम, "पूर्ण काढायची घाई काय आहे? पावसाळा झाल्यावर बघू. ऑपरेशनला सोबत कुणीतरी आणा म्हणतात. कुणाला आणू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रजा टाकली, त्यांच्या फाटकासमोर स्कूटर उभी केली, आणि ते चपला घालून बाहेर येईपर्यंत हॉर्नवरचा अंगठा काढला नाही.