सुपडू नानांच्या दोन ओळी

सुपडू नानांना व्हिजिटिंग कार्ड दिलं की ते नाव वाचत नाहीत. ई-मेलच्या पत्त्यात ‘ॲट’च्या पुढे काय आहे तेवढं बघतात, तिथल्या तिथे मोबाइल काढतात आणि वैद्याने नाडी बघावी तसा चेहरा करतात. एका साखरपुड्यात भर पंगतीत त्यांनी नवरदेवाच्या काकांना सांगितलं, "भाऊ, तुमनं दार बठ्ठं उघडं शे. तुमच्या नावाने कोणीही मेल धाडेल." काकांनी घाबरून खिसा चाचपला.

नाना पाचोऱ्याच्या एका कापसाच्या जिनिंगमधून हिशेबनीस म्हणून निवृत्त झाले आणि जळगावला आमच्या शेजारी राहायला आले. माझं ठिबकच्या नळ्यांचं दुकान. माझी कोटेशनं लोकांच्या स्पॅममध्ये जाऊन पडायची आणि मी मात्र गिऱ्हाइकांना मनातल्या मनात आळशी म्हणायचो, हे लिहितानाही लाज वाटते. नानांनी माझं डोमेन, म्हणजे पत्त्यातलं ‘ॲट’च्या पुढचं नाव, उघडून दाखवलं. तिथे टेक्स्ट रेकॉर्ड म्हणून साध्या मजकुराची ओळ ठेवता येते.

"वेशीवरची पाटी समजा," नाना म्हणाले. "या दुकानाच्या नावाने कोणकोणत्या सर्व्हरने मेल पाठवायची, ते त्यात लिहायचं. तुमची मेल आली की समोरचं मशीन आधी ही पाटी वाचतं, मग आत घेतं."

"आणि ही कोणालाही वाचता येते?"

"बठ्ठ्या दुनियेला."

माझ्याकडे अशा दोन ओळी निघाल्या. एक जुन्या वेबसाइटवाल्याची, एक नव्या मेलवाल्याची. "दोन असल्या की मशीन एकही मानत नाही," म्हणत नानांनी दोन्हींची मिळून एक केली. मग "आता थांबानं" म्हणून चहा मागवला, कारण जुनी ओळ सगळीकडच्या सर्व्हरांच्या आठवणीतून जायला वेळ लागतो. दुपारी सोनगीरच्या गिऱ्हाइकाचा फोन आला, कोटेशन मिळालं म्हणून. कुठकुठली मशीनं माझी एवढीशी ओळ वाचायला थांबली, या विचाराने मी गल्ल्यावर बसल्या बसल्या हात जोडले.

नाना हे शिकले ते धुळ्याच्या आबांसाठी. आबा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. आबांच्या मुलीच्या लग्नात वरण पातळ झालंय, असं नाना चार पाहुण्यांत बोलून गेले. तेव्हापासून आबा फोन उचलत नाहीत. नाना दर सोमवारी त्यांना स्वतःच्या नावाच्या डोमेनवरून माफीची मेल करतात. उत्तर येत नाही. "स्पॅममध्ये जात असेल," एवढंच म्हणतात. त्याचा छडा लावता लावता ते अख्ख्या गल्लीची रेकॉर्डं दुरुस्त करू लागले.

"एसटीत बसा की, नाना. धुळं काय अमेरिकेत आहे?"

"आणि दारातून परत यावं लागलं तर?"

परवा दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. नानांनी शिकवलं होतं तसं मी सहज त्यांच्याच डोमेनचं रेकॉर्ड काढलं. दोन ओळी होत्या. कुणाच्या घरात चोरून डोकावल्यासारखं वाटलं, तरी जाऊन सांगितलं.

"माहिती शे," नाना म्हणाले. "पहिल्या दिवसापासून माहिती शे. मुद्दाम राहू दिल्या. एक केली आणि तरी आबांचं उत्तर आलं नाही, तर मग दोष कोणाला देऊ?"

मग त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "तुम्ही करा, भाऊ. मना हात जात नही."

मी दोन्हींची एक केली. आम्ही थांबलो. नाना पुन्हा पुन्हा तपासत राहिले. अखेर सगळीकडून एकच ओळ दिसू लागली, तेव्हा त्यांनी मेल उघडली, "तीर्थरूप आबांस" एवढं टाइप केलं आणि त्यांची बोटं थांबली.

"दर सोमवारी तर लिहिता," मी म्हणालो.

"ती पोहोचत नव्हती ना," नाना म्हणाले. "आता आबा वाचतील. काय लिहू?"