सनई वाजली की खाली या

"शहराची संस्कृती त्याच्या देवळांवरून नाही, त्याच्या कचऱ्यावरून कळते!" घोडपदेवच्या आपल्या सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी माधवराव तिरोडकर यांनी आवारात उभं राहून गर्जना केली. आता टाळ्या पडणार असं वाटत होतं. पडली ती तिसऱ्या मजल्यावरून मटाराच्या सालींची पिशवी, थेट त्यांच्या पुढ्यात.

"कोणी टाकली?"

सगळे आभाळाकडे बघायला लागले, जणू मटार तिकडेच पिकतात.

माधवराव पुतण्याकडे तैपेईला राहून आल्यापासून संतापलेलेच होते. तिथे संध्याकाळी कचऱ्याची गाडी सूर वाजवत येते आणि साहेबापासून आजीबाईपर्यंत सगळे आपापली पिशवी घेऊन गाडीशी हजर! "आणि आपण? जिन्यात डबे, डब्यांत मांजरं! लाजा कशा वाटत नाहीत?"

दुसऱ्या दिवशी जिन्यातले डबे जप्त झाले. रोज सकाळी फाटकाशी ओल्या-सुक्याचे ड्रम येणार, सूर वाजला की ज्यानं त्यानं खाली उतरायचं, सूर थांबला की झाकण बंद. उशीर झाला तर आपला कचरा घरी न्या आणि उद्यापर्यंत वास घेत बसा.

सूर कुठला, हा प्रश्न होता. घंटा वाजवून पाहिली, तर आग लागली समजून लोक दागिन्यांसकट खाली आले. शेवटी स्पीकर सांभाळणाऱ्या वैभवला गणपती मंडळाच्या पेनड्राइव्हवर सनई-चौघडा सापडला. "हा लावू, काका? कचरा तर कचरा, शुभ तरी वाटेल."

लोकांनी आधी शिव्या घातल्या. पण कोळंबीची सालं दोनदा घरी परत न्यावी लागल्यावर भलेभले सरळ झाले. पुढेपुढे सनईचा पहिला सूर निघायचा अवकाश, जिन्यात बादल्या खडखडू लागत. समोरच्या इमारतीनं तर याच स्पीकरवर फुकटात तीच शिस्त लावून घेतली.

अशात माधवरावांच्या मुलीचा, श्रेयाचा, साखरपुडा ठरला. नवरा मुलगा हेरंब तिच्याच पसंतीचा, पण त्याचे वडील प्रफुल्लराव राजाध्यक्ष दादरचे. "घोडपदेव? तिथे साखरपुडा?" इथूनच त्यांची नाराजी सुरू होती. कार्यक्रम सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये होता.

"बाबा, त्यांना नाही म्हणायला फक्त निमित्त हवंय," श्रेया म्हणाली. "आज एक दिवस तुमचं तैपेई बंद. प्लीज!"

माधवरावांनी स्पीकरची वायरच काढून कपाटात ठेवली. लोकांना सांगायचं मात्र राहून गेलं. सकाळी सनई वाजली नाही. साखरपुड्यासाठी नटूनथटून बसलेली अख्खी इमारत भरलेल्या बादल्या दाराशी ठेवून कान टवकारून राहिली.

आणि प्रफुल्लराव खरीखुरी सनई-चौघडेवाली मंडळी घेऊन आले. फाटकाशी पहिला सूर निघाला.

धाडधाड दारं उघडली. पैठण्या, नथी, झब्बे, अत्तराचे फाये आणि प्रत्येकाच्या हातात बादली! एवढी गर्दी आपल्या वादनाला लोटलीय असं वाटून सनईवाल्यांना चेव आला. त्यांनी सूर चढवला, तशी समोरची इमारतही रस्ता ओलांडून आली. वरपक्षाच्या दोन्ही बाजूंना बादल्यांची रांग लागली.

"हे काय आहे?" प्रफुल्लरावांनी नाकाला रुमाल लावला.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या सुंदराबाई बांगडा माशांच्या डोक्यांची बादली घेऊन पुढे आल्या. "ओ तिरोडकर! सकाळपासून वाट बघतंय मी. आता वाजली, तर ड्रम खंय?"

"सुंदराबाई, अहो साखरपुडा आहे!"

"मगे ह्या घरात ठेवू? साखरपुड्याक वास येतलो!"

"बास!" प्रफुल्लराव ओरडले. सनई थांबली. "हे स्वागत? आमच्या दादरच्या घरी येऊन बघा. दारात, जिन्यात, फाटकाशी, कुठे कधी कचरा दिसला तर सांगा! आणि अशा ठिकाणी मुलाचं लग्न करू?"

"बाबा, हळू," हेरंब म्हणाला. श्रेयाचे डोळे भरून आले.

मुलीकडे बघून गप्प बसायचं, हे माधवरावांना कळत होतं. पण राग आवरेना. "यातल्या एकानं तरी रस्त्यावर टाकलाय का? हातात धरून उभे आहेत! पैठण्या नेसून उभे आहेत! लग्न मोडायचं तर मोडा, पण या बादल्यांना नाव ठेवायचं नाही!"

"मोडा काय मोडा?" बायको ललिताबाई किंचाळल्या. "तोंड आवरा! वैभव, ड्रम आण आधी!"

ड्रम आले. रांग मुकाट्यानं सरकू लागली. ओलं इकडे, सुकं तिकडे. प्रफुल्लराव बराच वेळ ते बघत राहिले. मग माधवरावांचा दंड धरून त्यांनी त्यांना एका बाजूला नेलं. श्रेयानं हेरंबचा हात घट्ट धरला. संपलं सगळं.

प्रफुल्लरावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"व्याहीबुवा, एक विचारू? आमच्या गाडीच्या डिकीत कालची पिशवी आहे. रोजच्यासारखी येताना वाटेत कुठंतरी सोडणार होतो, पण हल्ली मेले जिथं तिथं कॅमेरे. ओलंसुकं एकातच आहे... शेवटी उभा राहिलो, तर घेतील का हो?"